परकीय मदतीचा पैसा शेतापर्यंत नेमका कसा पोचतो, आणि कुठे अडतो?

पाणंद:

विकसनशील देशांच्या शेतीसाठी अमुक कोटी डॉलरची मदत मंजूर, एवढीच बातमी असते. पुढे त्या पैशाचं काय होतं ते कोणी सांगत नाही. यात अनुदान किती आणि कर्ज किती? कर्ज असेल तर फेडतं कोण, सरकार की शेतकरी? पैसा पडतो कोणाच्या खात्यात? आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याच्या किंवा गावातल्या छोट्या उद्योगाच्या (भाताची गिरणी, तेलघाणी, संकलन केंद्र, बियाणं) हातात शेवटी काय येतं?

दुसरी शंका. प्रकल्प संपला की यंत्रं गंजतात, गट मोडतात, असं सगळेच म्हणतात. नेमकं काय चुकतं? 'भ्रष्टाचार' हे एका शब्दाचं उत्तर नको. तो असतोच, पण हिशोब चोख असलेले प्रकल्पही बंद पडलेत. जाणकारांनी जरा तपशिलात लिहावं.

आकडेमोड:

आधी पैशाची वाट सांगतो, मग बाकीचं इतर लोक लिहितीलच.

अनुदान परत करायचं नसतं. सवलतीचं कर्ज परत करायचं असतं, पण त्याच्या अटी बाजारात कुठेही मिळणार नाहीत अशा असतात. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, म्हणजे आयफाड, ही संस्था १९७४च्या जागतिक अन्न परिषदेतून पुढे आली आणि १९७७ मध्ये स्थापन झाली. सर्वांत गरीब देशांना ती वर्षानुवर्षं ज्या अटींवर कर्ज देत आली त्या अशा: मुदत ४० वर्षं, पहिली १० वर्षं मुद्दल मागायचं नाही, व्याज नाही, फक्त ०.७५ टक्के सेवाशुल्क. हे कर्ज देशाच्या अर्थखात्याच्या नावावर चढतं आणि सरकारी तिजोरीतून फिटतं. शेतकऱ्यापर्यंत येताना त्याचं रूप बदललेलं असतं. कुठे चारीची दुरुस्ती, कुठे प्रशिक्षण, कुठे गटाला अनुदान, तर कुठे स्थानिक बँकेकडून नेहमीच्या व्याजाने मिळणारं पीककर्ज. सरकारला ४० वर्षं, शेतकऱ्याला एक हंगाम. मधला फरक बँकेच्या नफ्यात जातो, बुडीत कर्जांच्या तरतुदीत जातो की फिरत्या निधीत, हे करारात लिहिलेलं असतं. वाचतं कोणी नाही.

खात्याचं म्हणाल तर साधारण पद्धत अशी. करार झाला तरी तो लगेच अंमलात येत नाही. आधी प्रकल्प कक्ष उभा करा, हिशोबनीस नेमा, खर्चाची नियमावली मंजूर करून घ्या, कुठे कुठे संसदेची मान्यता मिळवा. मग एका विशेष खात्यात आगाऊ रक्कम येते. ती खर्च झाली की खर्चाची पत्रकं पाठवायची आणि तेवढी भरपाई मागायची. इथे पहिला अडथळा. चार जिल्ह्यांनी हिशोब वेळेवर दिले आणि पाचव्याने दिले नाहीत, तर पाचव्याकडे गेलेली रक्कम 'खर्च' धरली जात नाही. खात्यातले पैसे आटत जातात आणि भुर्दंड वेळेवर हिशोब देणाऱ्यांनाही बसतो.

दुसरा अडथळा हंगामाचा. बियाण्याची निविदा काढायची तर तपशील ठरवणं, जाहिरात, बोली उघडणं, छाननी, देणगीदाराची 'हरकत नाही', करार, पुरवठा असा क्रम असतो. सगळं सुरळीत झालं तरी चार-पाच महिने सहज जातात. अर्थसंकल्पाचं वर्ष आणि पेरणीची तारीख यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. बियाणं पेरणीनंतर तीन आठवड्यांनी येतं, गोदामात पडतं, पुढच्या हंगामापर्यंत त्याची उगवणशक्ती घटते. कागदावर लक्ष्य शंभर टक्के पूर्ण, कारण मोजलं काय तर 'वाटप झालेले टन'.

आता एकूण आकाराचा अंदाज. जागतिक बँकेच्या २००८च्या विकास अहवालात नोंद आहे की विकास मदतीतला शेतीचा वाटा १९७९ मध्ये सुमारे १८ टक्के होता आणि २००४ पर्यंत ३.५ टक्क्यांवर आला. २००७-०८ मध्ये धान्याचे भाव भडकले तेव्हा सगळ्यांना जाग आली. २००९ मध्ये इटलीतल्या लाक्विलाला जी-८ देशांनी तीन वर्षांत २० अब्ज डॉलरचं आश्वासन दिलं, आणि २०१० मध्ये जागतिक बँकेच्या छत्राखाली शेती व अन्नसुरक्षेचा एक सामाईक निधी उभा राहिला. सध्या काटा पुन्हा उलटा फिरतोय. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या प्राथमिक आकड्यांनुसार २०२४ मध्ये एकूण विकास मदत ७.१ टक्क्यांनी घटली. १ जुलै २०२५ पासून अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदत संस्थेचं स्वतंत्र कामकाज थांबलं आणि जे काही उरलं ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे गेलं.

तिरकी रेघ:

आकडेमोड यांनी वाट दाखवली, पण त्या वाटेने दरवेळी पैसाच येतो असं नाही. कित्येकदा धान्य येतं. कायद्याने अमेरिकी अन्नमदतीतला किमान अर्धा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतून न्यावा लागतो. १९८५च्या कायद्याने हे प्रमाण ७५ टक्के केलं होतं, २०१२ मध्ये ते परत ५० वर आलं. त्या जहाजांचं भाडं महाग. म्हणजे मदतीचा मोठा हिस्सा मालवाहतूकवाल्यांची शेती पिकवतो.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे फुकट आलेलं धान्य स्थानिक बाजारात विकून त्या पैशावर विकासाचे प्रकल्प चालवणं. अनेक स्वयंसेवी संस्था यावर जगत होत्या. केअर या संस्थेने २००७ मध्ये जाहीर केलं की वर्षाला सुमारे साडेचार कोटी डॉलरचं हे धान्य आपण टप्प्याटप्प्याने नाकारणार. कारण सरळ होतं. ज्या शेतकऱ्याला उभं करायचं, त्याच्याच बाजारात तुम्ही माल ओतताय.

बचतगाडा:

तिरकी रेघ, मुद्दा मान्य, पण त्याला एक मोठा अपवाद आहे: ऑपरेशन फ्लड, म्हणजे भारतातली दूधवाढीची मोहीम. १९७० पासून युरोपीय आर्थिक समुदायाची दूध भुकटी आणि बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारतात फुकट आलं. ते स्वस्तात बाजारात सोडलं असतं तर दूध उत्पादक बुडाला असता. ते शहरांतल्या डेअऱ्यांना दिलं गेलं, पण अशा दराने की स्थानिक दुधापेक्षा ते स्वस्त पडू नये. भुकटीपासून पुन्हा दूध बनवून उन्हाळ्यातली तूट भरून काढली गेली आणि शहरातलं गिऱ्हाईक टिकवलं. विक्रीचा पैसा संकलन, शीतकरण, टँकर आणि प्रक्रिया यांच्यात घातला. वर्गीस कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हातात भाव आणि वेळ दोन्ही होतं, म्हणून ते जमलं. तोच माल दुसऱ्या एखाद्या देशात भाव न सांभाळता सोडला असता तर उलट झालं असतं. म्हणजे वस्तुरूप मदत आली तर दोनच प्रश्न विचारायचे. ती कोणत्या दराने बाजारात उतरते? आणि कोणत्या महिन्यात?

आता पाणंद यांच्या मूळ प्रश्नाकडे, गावातल्या भांडवलाकडे. इथे बाहेरच्या पैशाने सर्वांत चांगलं काम केलंय ते जिथे त्याने भांडवल दिलंच नाही तिथे. नायजर देशात मारादी भागात केअरने १९९१ मध्ये बायकांचे बचतगट सुरू केले. आज आफ्रिकाभर तोच साचा आहे. सभासद १५ ते २५, एकमेकींनीच निवडलेल्या. समभागाची किंमत गट ठरवतो, आणि दर बैठकीला प्रत्येकीने एक ते पाच समभाग घ्यायचे. जितके समभाग तितके शिक्के पासबुकात, म्हणजे अक्षरओळख नसली तरी हिशोब दिसतो. कर्ज स्वतःच्या बचतीच्या फार तर तिप्पट, मुदत एक ते तीन महिने. लोखंडी पेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन वेगळ्या सभासदांकडे. पेटी जिच्या घरी तिच्याकडे किल्ली नाही. बैठकीबाहेर पेटी उघडायची नाही, मोजणी सगळ्यांसमोर. ९ ते १२ महिन्यांनी सगळी रक्कम व्याजासकट समभागांच्या प्रमाणात वाटून टाकायची आणि नव्याने सुरुवात करायची.

ही वाटणीच गटाचं ऑडिट असते. पैसे मोजून हातात पडले नाहीत तर गट तिथेच संपतो, पाच वर्षं खोटा ताळेबंद चालत नाही. वाटणीची तारीख पेरणीच्या थोडी आधी ठेवली की खत-बियाण्याला रोख मिळते.

देणगीदाराचा पैसा लागतो तो फक्त प्रशिक्षकाच्या पगारावर. सुरुवातीला प्रत्येक बैठकीला हजेरी, मग हळूहळू कमी, साधारण वर्षभर. बिघडतं कुठे? एक, उत्साही अधिकारी गटाला 'बीजभांडवल' देतो. गटातल्या बाईचा पैसा बुडवायला लोक बिचकतात, प्रकल्पाचा बुडवायला नाही. दोन, वर्ष संपत येताना पेटीत सगळ्यात जास्त रोकड असते आणि चोरीचा धोका तेव्हाच. म्हणून शेवटच्या महिन्यात सगळी येणी गोळा झाली की वाटणी लांबवायची नाही, त्याच दिवशी उरकायची.

अर्थात अशा पेटीतून तेलघाणी उभी राहत नाही. सूक्ष्म कर्जाला मोठा आणि बँकेला छोटा, असा जो उद्योग आहे त्याच्यासाठी दुसरं हत्यार वापरतात: कर्जहमी. यूएसएडने १९९९ पासून चालवलेल्या हमी योजनेचा (ती पुढे अमेरिकेच्या विकास वित्त महामंडळात गेली) नेहमीचा साचा असा होता की स्थानिक बँकेने स्वतःच्या पैशातून कर्ज द्यायचं आणि बुडालेल्या मुद्दलाचा अर्धा भार हमीदाराने उचलायचा. पूर्ण भार जाणूनबुजून उचलत नाहीत. बँकेचा स्वतःचा अर्धा अडकलेला असला तरच ती वसुलीला मागे लागते.

हमी वाया जाते ती अशी. बँक आपल्या जुन्या, तारण असलेल्या ग्राहकांचीच कर्जं हमीत टाकते. नवीन कर्जदार एकही नाही, फक्त बँकेची जोखीम कमी झाली. दुसरं म्हणजे हप्ता. हमी शेतीसाठी, पण कर्जाचा हप्ता दर महिन्याचा. पीक वर्षातून एकदा येतं, दुसऱ्या महिन्यातच थकबाकी सुरू. हमीच्या करारात 'हप्ते पिकाच्या विक्रीनुसार' ही ओळ नसेल तर बाकीच्या पन्नास पानांना फारसा अर्थ उरत नाही.

चलनाचा धोका वेगळाच. कर्ज डॉलरमध्ये आलं, शेतकऱ्याची कमाई स्थानिक चलनात. चलन घसरलं की चांगला चाललेला उद्योगही बुडतो. यासाठीच २००७ मध्ये टीसीएक्स नावाचा चलनजोखीम निधी नेदरलँड्समध्ये उभा राहिला. पण ते संरक्षणही विकत घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च शेवटी व्याजातच चढतो.

पाणंद:

खूपच उपयोगी. बचतगाडा, वखारीतलं धान्य तारण ठेवून कर्ज देतात, त्यात परकीय मदतीचं काय काम? आणि यंत्रांबद्दल कोणी लिहील का? निम्मे पैसे प्रकल्पाचे, निम्मे गटाचे, ही पद्धत ऐकायला तर रास्त वाटते.

बचतगाडा:

धान्यतारणाचं थोडक्यात. नायजरमध्ये एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, प्रकल्पाने १९९०च्या दशकाच्या शेवटी हे रुजवलं, तिकडे 'वारांताज' म्हणतात. सुगीला भाव पडलेला असतो तेव्हा शेतकरी पोती गावातल्या गोदामात ठेवतो. गोदामाला दोन कुलपं, एक शेतकरी संघाचं, एक पतसंस्थेचं. दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही. त्या दिवशीच्या भावाच्या साधारण ७० ते ८० टक्के कर्ज मिळतं, चार-सहा महिन्यांनी भाव चढला की माल विकून फेड. प्रकल्पाचा पैसा गोदामाच्या दुरुस्तीत, संघाच्या कारभाऱ्यांना वजन-प्रत-नोंदी शिकवण्यात आणि पतसंस्थेला पहिल्या एक-दोन हंगामांत धीर देण्यात जातो.

हे फसतं ते भाव चढला नाही तर. आणि भाव न चढण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे नेमक्या त्याच महिन्यांत बाजारात उतरलेली अन्नमदत किंवा सरकारी साठा. एकाच देणगीदाराचे दोन विभाग एकमेकांच्या मुळावर उठतात, आणि दोघांचेही अहवाल 'समाधानकारक' असतात.

पाना-पक्कड:

यंत्रांचं मी लिहितो. निम्म्या-निम्म्याची पद्धत रास्त आहेच, पण ती खरेदीचा खर्च वाटून घेते, चालवण्याचा नाही. नव्वद टक्के भानगडी तिथून सुरू होतात.

भाताच्या गिरणीचं गणित मांडू. ताशी ५०० किलो क्षमतेची छोटी गिरणी. दिवसाला ८ तास म्हणजे ४ टन. वर्षाला २०० दिवस चालवली तर ८०० टन. हेक्टरी २ टन भात पिकतं आणि निम्मं घरी राहतं असं धरा, म्हणजे विक्रीला हेक्टरी १ टन. ८०० टनांसाठी ८०० हेक्टर लागलं. सरासरी धारण एक हेक्टर असेल तर ८०० शेतकरी. संस्थेचे सभासद मात्र १५०, म्हणजे आलं १५० टन. गिरणी वर्षाला ३८ दिवस चालणार! त्यावर चालक, वीजजोडणीचा स्थिर आकार, घसारा सगळं बसवा आणि किलोमागे दळणावळ काढा. शेजारची खासगी गिरणी स्वस्त पडते, मग सभासदच तिकडे जातात.

समजा सभासद वाढवले. तरी ८०० टन भात सुगीच्या दीड-दोन महिन्यांत खरेदी करायला रोख लागते, कारण शेतकरी उधारीवर देत नाही आणि व्यापारी खळ्यावर पैसे मोजतो. खेळतं भांडवल हा शब्द अनुदानाच्या अर्जात सहसा नसतोच. यंत्राला पैसा, पत्र्याच्या शेडला पैसा, फलकाला पैसा, आणि खरेदीला शून्य. बंद पडलेल्या गिरण्यांच्या तपासात मला हे कारण मोडतोडीपेक्षा जास्त वजनाचं वाटतं.

मोडतोड आहेच. भात सोलायच्या यंत्रात दोन रबरी रोल वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्या फरकामुळे तूस निघतं. जोरात फिरणारा रोल आधी झिजतो. झिजला की व्यास घटतो, गतीतला फरक कमी होतो, सोललं जात नाही. चालक मग रोल जास्त आवळतो आणि कणी वाढते. खरा उपाय म्हणजे ठरावीक तासांनी दोन्ही रोलांची अदलाबदल आणि झिजल्यावर नवी जोडी. पण निविदेत सर्वांत कमी बोलीवाल्याचा जो मेक आला त्याचे रोल देशात कुठेच मिळत नाहीत. खरेदीच्या तपशिलात एवढंच लिहायला हवं होतं: दोन हंगाम पुरतील इतके सुटे भाग यंत्रासोबत, आणि देशात विक्रेता असल्याचा पुरावा. बोली थोडी महाग पडते. लेखापरीक्षकाला ते पटवावं लागतं, म्हणून कोणी लिहीत नाही.

निम्म्या-निम्म्यात आणखी एक चलाखी चालते. गटाचा वाटा 'श्रम आणि जागा' या रूपात दाखवतात, किंवा पुरवठादार बिल फुगवून गटाचा वाटा स्वतःच भरतो. म्हणजे प्रत्यक्षात शंभर टक्के फुकट. गटाचा खरा पैसा अडकलाय का हे ओळखायची सोपी खूण: वाटा यंत्र येण्याआधी बँकेत रोख जमा झालाय का, आणि तो किती जणांच्या खात्यांतून आला. सगळा एकाच खात्यातून आला असेल तर तो गट नाही, एक माणूस आणि बाकी सह्या.

उलट बाजूचं उदाहरण बांगलादेशातला पायपंप. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रंगपूरकडे गुन्नार बार्न्स यांनी तो घडवला. दोन सिलिंडर, बांबूच्या दोन पायट्या, आलटून पालटून दाबायच्या. साधारण अर्धा एकर भिजतं. पुढे आयडीई संस्थेने तो पसरवला आणि दहा लाखांहून जास्त खपले. पंप फुकट वाटला नाही. मदतीचा पैसा घातला तो छोट्या कारखानदारांना साचे आणि दर्जा शिकवण्यात, बोअर घेणाऱ्या मिस्त्र्यांच्या प्रशिक्षणात, आणि गावोगाव प्रचारात. विक्रेत्याला प्रत्येक पंपामागे नफा होता, म्हणून तो वॉशर ठेवायचा. या पंपाची मर्यादाही स्पष्ट होती. पाणी ७ मीटरपेक्षा खाली गेलं की कितीही पाय मारा, येत नाही. हवेच्या दाबाची कागदावरची हद्द १०.३ मीटर, गळती आणि घर्षण जाऊन हातात सातच उरतात. उथळ भूजलाच्या पट्ट्यात म्हणून तो चालला. तोच पंप खोल पाण्याच्या प्रदेशात वाटणारे प्रकल्पही झाले, त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

केनियात तुर्काना सरोवराकाठी नॉर्वेच्या मदतीने मासे गोठवायचा कारखाना उभा राहिला होता, तोही याच जातीचा. वाळवंटी उष्म्यात गोठवायला लागणारा खर्च माशाच्या किमतीत बसेना. थोड्याच दिवसांत बंद. कारखाना ज्यांच्यासाठी होता ते तुर्काना लोक मुळात गुरं पाळणारे, हे आणखी वेगळंच.

कणगी:

पाना-पक्कड यांच्याशी सहमत, पण 'फुकट वाटू नये' हा सरसकट नियम करू नका. काही गोष्टी फुकटच द्याव्या लागतात, कारण त्या विकताच येत नाहीत. आफ्रिकेत १९७०च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पिठ्या ढेकणाने कसावाचा फडशा पाडायला सुरुवात केली. नायजेरियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत हान्स हेरेन यांच्या चमूने त्याचा परोपजीवी शत्रू वापरला, पॅराग्वेत सापडलेली एक चिमुकली गांधीलमाशी. १९८१ पासून ती सोडायला सुरुवात झाली आणि पुढे खंडभर पसरवली. ती स्वतःच वाढते, शेतकऱ्याने काही विकत घ्यायचं नाही, शिकायचंही नाही. असं काम कोणती कंपनी करेल? हेरेन यांना १९९५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गुरांच्या बुळकांडीचंही तसंच. २०११ मध्ये ती जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. शेवटच्या टप्प्यात बर्फाशिवाय काही आठवडे टिकणारी लस आणि ती टोचायला शिकवलेले भटके पशुपालकच कामी आले.

जिथे विक्री शक्य आहे तिथे मात्र फुकट वाटप घातक. तीन थरांची साठवण पिशवी घ्या. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने कॅमेरूनमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस, यूएसएडच्या पैशातून, चवळीला लागणाऱ्या भुंग्यांसाठी ही पद्धत बसवली. २००७ पासून गेट्स फाउंडेशनच्या मदतीने पश्चिम आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर पोचवली. आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. आतले किडे श्वास घेऊन ऑक्सिजन संपवतात, मग खाणं आणि वाढ दोन्ही थांबतं. औषध लागत नाही.

वापरताना: आधी दोन्ही आतल्या पिशव्या हवा भरून दाबून पाहायच्या, सुईएवढं भोकही चालत नाही. धान्य काडीकचरा काढून भरायचं, टोकदार काडीनेच भोक पडतं. थोडं थोडं भरून हलवत राहायचं म्हणजे मधली हवा निघते. वर बांधायला एक वीतभर तरी कड मोकळी ठेवायची, हवा दाबून काढायची, पीळ घालून दुमडून घट्ट बांधायचं. मग दुसरी पिशवी तशीच, मग पोतं. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर. पहिले काही आठवडे उघडायचं नाही, दर उघडण्याला ताजी हवा आत जाते.

सगळ्यात मोठी चूक ओलं धान्य भरण्याची. किडे मरतात पण बुरशी आणि आंबणं सुरू होतं. मक्यासाठी ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी हवा. मीटर नसेल तर मिठाची चाचणी करा. कोरडी काचेची बाटली, त्यात पाव भाग कोरडं मीठ आणि थोडं धान्य. झाकण लावून मिनिटभर हलवायची, पंधरा मिनिटं ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर, परत उन्हात. नाही चिकटलं तरी १४ असू शकतो, त्यामुळे मक्याला आणखी एक दिवस ऊन द्यायचं. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, आधीच झालेलं असेल तर पिशवी ते काढत नाही, हेही सांगायला हवं. प्रात्यक्षिकांत हे वाक्य गळतं.

आणि मदतीचा भाग: संशोधन, गावातली प्रात्यक्षिकं (पोतं सगळ्यांसमोर बांधायचं, चार-सहा महिन्यांनी सगळ्यांसमोरच उघडायचं), स्थानिक कारखान्यांना दर्जाचे निकष. पिशवी विकायची दुकानदाराने. एखाद्या वर्षी दुष्काळनिवारणात त्याच पिशव्या फुकट वाटल्या की दुकानदाराचा साठा पडून राहतो. मागणी वर्षातून दोन महिन्यांचीच. पुढच्या वर्षी तो मागवत नाही, आणि फुकटवालेही येत नाहीत.

तिरकी रेघ:

बाजाराचं निघालंच आहे तर जपानच्या जायका या सरकारी मदत संस्थेचा केनियातला २००६ ते २००९चा शेप प्रकल्प बघा. भाजीपाल्याच्या छोट्या शेतकऱ्यांना बियाणं नाही, अवजारं नाहीत. आधी त्यांच्या प्रतिनिधींनाच बाजारात पाठवलं, हातात प्रश्नांचा कागद: कोणता वाण, कोणत्या महिन्यात, किती माल, कोणत्या आकाराचा, पेटी की पोतं, पैसे रोख की किती दिवसांनी, गेल्या वर्षी माल का परत केला? परत येऊन गटाने पीक ठरवायचं, मग त्या पिकाचं वेळापत्रक, मग त्यापुरतंच तंत्र शिकवायचं. सरकारी विस्तार अधिकाऱ्यांचा क्रम नेमका उलटा असतो. बैठकीला नवरा-बायको दोघांना बोलवायचे, कारण खुरपणी एकाची आणि विक्रीचा निर्णय दुसऱ्याचा असला की वेळापत्रक कोलमडतं. सहभागी शेतकऱ्यांचं उत्पन्न जवळपास दुप्पट झाल्याचं जायका सांगते. खर्च मुख्यतः प्रवास आणि प्रशिक्षणाचा. फीत कापायला काहीच नाही, म्हणून मंत्र्यांना असले प्रकल्प आवडत नाहीत.

पाणंद:

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: एखाद्या प्रकल्पाचे कागद हाती आले तर कोणती पानं आधी उघडायची? आणि ते मिळतात कुठे?

आकडेमोड:

खर्चाचा तक्ता आधी. 'प्रकल्प व्यवस्थापन' आणि 'तांत्रिक साहाय्य' या दोन ओळी एकूण रकमेच्या किती भाग आहेत ते बघा. मात्र तांत्रिक साहाय्य जास्त म्हणजे वाईट असं नाही. वर आलेल्या बचतगटात आणि शेपमध्ये तर सगळा खर्चच माणसांवर आहे. प्रश्न एवढाच की ती माणसं गावात आहेत की राजधानीत.

मग निर्देशांकांचा तक्ता. 'प्रशिक्षित शेतकरी', 'वाटप केलेली यंत्रं' एवढंच मोजत असतील तर पुढे फार वाचू नका. 'दुसऱ्या हंगामातही तंत्र वापरणारे', 'क्षमतेच्या किती टक्के चालली', 'कर्जाची वेळेवर परतफेड' अशा ओळी असतील तर लिहिणाऱ्याला काम कळतं. त्यानंतर देखभालीचा परिच्छेद. 'लाभार्थी संस्था देखभाल करतील' एवढंच वाक्य असेल आणि पाणीपट्टी किती, गोळा कोण करणार, न भरणाऱ्याचं पाणी कोण तोडणार हे नसेल, तर ती चारी काही वर्षांत गाळाने भरते आणि मग तिच्याच 'पुनरुज्जीवना'चा नवीन प्रकल्प येतो.

कुठे मिळतात म्हणाल तर बऱ्याच देणगीदारांची माहिती आंतरराष्ट्रीय मदत पारदर्शकता उपक्रमाच्या नोंदणीत खुली असते. त्यातली गुणवत्ता सारखी नाही, पण कोणी कोणाला किती दिले ते सापडतं. आयफाडचे प्रकल्प-अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर देशानुसार लावलेले आहेत. जागतिक बँकेचा प्रकल्प क्रमांक 'पी' आणि पुढे सहा आकडे असा असतो. तो टाकून शोधलं की मंजुरीचा दस्तऐवज, दर काही महिन्यांचे प्रगती अहवाल, पुनर्रचनेची पत्रं आणि समाप्ती अहवाल एकाच ठिकाणी मिळतात. यातली पुनर्रचनेची पत्रं आधी वाचा. समाप्ती अहवालात लक्ष्य पूर्ण झालेलं दिसतं, ते मुळात किती होतं आणि कोणत्या महिन्यात खाली आणलं हे त्या पत्रांत सापडतं.